सोजराबाईच्या धुऱ्यावरची सडक

ज्या माणसाने आपली जीभ जिंकली, त्याने त्रिभुवन जिंकले. या वाक्याला कोणत्याही पोथीचा आधार नाही, ते माझे स्वतःचे आहे. मेहकरच्या तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर, चार माणसांसमोर मी ते पहिल्यांदा उच्चारले, तेव्हा ऐकणाऱ्यांवर त्याचा फार चांगला परिणाम व्हायला हवा होता. झाला नाही. त्यातला एकही शब्द कोणाला कळला नाही. माझ्या तोंडात मिरचीचे भजे होते, आणि ते गरम होते.

भज्याची गोष्ट सांगायची तर आधी साहेबांची सांगावी लागेल.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दीड-दोन वर्षे झाली होती आणि मी कचेरीत हेडक्लार्क होतो. माझी नोकरी तशी फार फिरतीची. म्हणजे मी जागचा हललो नाही, राज्येच फिरत राहिली. मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र, अशी चार राज्ये मी एकाच खुर्चीत बसून पाहिली. जाणाऱ्या राज्याने दरवेळी खुर्चीच्या वेताची एखादी पट्टी नेली आणि येणाऱ्याने लिहायची पद्धत बदलली. एवढेही चालले असते. पण चौथ्या राज्याबरोबर पुण्याकडचे साहेब आले. आमच्याकडे ज्याला तहसीलदार म्हणतात त्याला त्यांच्याकडे मामलेदार म्हणतात, आणि साहेबांना यातल्या कोणत्याही शब्दाने हाक मारली तरी राग येई. मी लिहिलेला प्रत्येक मसुदा लाल शाईत न्हाऊन परत येऊ लागला.

"ही कुठली मराठी?" साहेबांनी एकदा विचारले.

"वऱ्हाडातली, साहेब."

"मग जरा महाराष्ट्रातली लिहा."

असे काही झाले की माझे डोके तापे. डोके तापले की कोणी बायकोवर ओरडतो, कोणी पोरांना बदडतो. मी स्वभावाने गरीब. मी खात असे. फाटकासमोर तानाबाईची कढई होती. मसुदा परत आला की माझे पाय आपोआप तिकडे वळत, आणि तानाबाई माझा चेहरा पाहूनच पीठ कालवायला घेई. "आज साह्यब लईच तापले वाट्टे," असे म्हणून ती चार मिरच्या जास्तीच्या सोडी. कचेरीत आज काय झाले हे कलेक्टरला कळायच्या आधी तिला बेसनाच्या डब्यावरून कळत असे.

घरी बाजरीच्या खारोड्या होत्या. शरयूने, म्हणजे माझ्या पत्नीने, त्या उन्हाळ्यात वाळवून वर्षभरासाठी डबा भरून ठेवला होता. तो दिवाळीतच तळाला गेला. तिने उंदरांसाठी पिंजरा लावला, आणि दुसऱ्या दिवशी त्यात खरोखरच एक उंदीर सापडला. त्या उंदराचे उपकार मी विसरलेलो नाही.

शेवटी कचेरीच्या पायऱ्या चढताना मला घेरी आली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला, पाऱ्याकडे पाहिले, मग माझ्या पोटाकडे पाहिले. दुसऱ्या पाहण्याला जास्त वेळ लागला.

"तुम्हाला भूक लागतच नाही," ते म्हणाले. "तुम्हाला साहेब लागतो."

"मग साहेब बंद करू?"

"भजे बंद करा. डोकं तापलं की तोंड हलवू नका, पाय हलवा. रोज संध्याकाळी गावाबाहेर जा, हिरवं पाहा, लांब श्वास घ्या, मान डावी-उजवीकडे सावकाश फिरवा. नाहीतर पुढच्या वेळी पायऱ्या न चढताच वर जाल."

घेरी आल्याची बातमी माझ्या आधी गल्लीत पोचली. आमच्या गल्लीत आजारी माणसाला औषध सुचवणे हे शेजाऱ्यांचे कर्तव्य असते आणि ते न घेणे हा त्यांचा अपमान. शेजारचे भगवंतराव निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांनी उभ्या जन्मात कसली काळजी केली नाही. ती त्यांच्या बायकोने केली. त्यामुळे मनःशांती या विषयावर ते अधिकाराने बोलत.

"पायी गिन फिरून काही होत नसते, भालचंद्रराव," ते म्हणाले. "पेटी वाजवा. सूर लागला का राग पळते."

आणि त्यांनी आपली स्वतःची पेटी आणून दिली. मी वाजवली. माझ्या मनाचा भार खरोखर हलका झाला. तो नाहीसा मात्र झाला नव्हता, गल्लीत सगळ्यांना थोडाथोडा वाटला गेला होता. दोन दिवसांत भगवंतराव न बोलता पेटी उचलून घेऊन गेले. मग शरयूने जपमाळ दिली. पण माझ्या बोटांना शेंगदाणे सोलायची सवय, ती प्रत्येक मणी चेपून पाहू लागली. तेव्हा चालण्याशिवाय गत्यंतर उरले नाही.

चालणे सोपे असते असे ज्यांना वाटते, ते आमच्या मेहकरात कधी चाललेले नाहीत. आमच्याकडे माणूस चालत नाही, तो कुठेतरी जातो. हातात पिशवी असली तर बाजारात, टमरेल असले तर नदीकडे, टोपी नवी असली तर मुलगी पाहायला. रिकाम्या हाताने जाणारा माणूस लोकांना बघवत नाही. म्हणून मी हातात छत्री घेतली. पौष महिना होता, आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता. पण छत्रीने माणसाला वजन येते.

"लांब का?" कोपऱ्यावरच्या शिंप्याने विचारले.

"नाही, इथंच."

"इथंच म्हंजे?"

"फिरायला."

"फिराले?" त्याने मशीन थांबवली. "कोनाच्या घरी?"

त्यातून आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठं' असे विचारत नाहीत, अपशकुन होतो. 'लांब का?' असेच विचारतात. चुकून कोणी 'कुठं' म्हटलेच, तर माघारी यायचे, बसायचे, गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी प्यायचे आणि मग नव्याने निघायचे. भगवंतराव सुधारक असल्यामुळे ते मुद्दाम 'कुठं' म्हणत. शरयू जुन्या वळणाची असल्यामुळे ती मला मुद्दाम माघारी बोलवे. दोन मतांच्या या झगड्यात मला रोज गूळ मिळू लागला. मी भगवंतरावांच्या दारावरून सावकाश, थोडा खोकत जाऊ लागलो. पुढे एका संध्याकाळी त्यांचे लक्ष नव्हते म्हणून मी पुन्हा मागे येऊन त्यांच्या दारावरून गेलो, ते शरयूने पाहिले. दुसऱ्या दिवसापासून गुळाऐवजी तुळशीचे पान मिळू लागले. मी मागच्या गल्लीने जाऊ लागलो.

पण थट्टा बाजूला ठेवून सांगतो, चालण्याने गुण आला. गाव मागे टाकून मी पैनगंगेच्या अंगाला उतरे आणि पलीकडची चढण चढून एका मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन थांबे. थांबण्याची जागा मी निवडलेली नव्हती. माझा दम तिथे संपत असे. धुऱ्यावर एक बाभूळ होती. घामाने भिजलेला रुमाल मी तिच्या फांदीला वाळत बांधी, छत्रीचे टोक जमिनीत रोवी आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मान आधी डावीकडे नदीपर्यंत, मग उजवीकडे मोठ्या रस्त्यापर्यंत सावकाश फिरवी. समोर वांगी, मेथी, मिरची. मोटेवर बैलांची घुंगरे. साहेबांची लाल शाई सकाळभर डोक्यात ठणकत असे, ती मेथीच्या वाफ्यांत कुठे मुरून जाई कळत नसे. परतताना तानाबाईच्या कढईचा वास येई आणि मी तो नुसता वास म्हणून घेऊन पुढे जाई. तानाबाई दुखावली. "माह्या हाताची चव गेली का, साह्यब?" असे ती एकदा मागून म्हणाली. मी वळून पाहिले नाही. त्रिभुवन जिंकणाऱ्यांना असे कठोर व्हावेच लागते.

आणि मग आमच्या ओसरीवर वांग्यांची टोपली आली.

कोणी ठेवली ते कळले नाही. दुसऱ्या दिवशी मेथी आली. तिसऱ्या दिवशी टोपलीबरोबर एक गृहस्थ आले. महादेवराव त्यांचे नाव, आणि सोजराबाईच्या मळ्याच्या पलीकडे त्यांचे वावर आहे, एवढे त्यांनी सांगितले.

"कोण सोजराबाई?" मी विचारले.

महादेवराव खूप वेळ हसले. "लय पोचलेले हा तुम्ही," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "बाबूसायेब, सडक जराशीक माह्या वावराकडून वळवा न. थ्या बाईचं नुकसान टळते, माही चहाची टपरी होते. पुन्याचं काम हाय."

"कोणती सडक?"

"हाव, बरोबर हाय. तुम्ही सांगू नका. तुमाले सांगता येत नसन." आणि मी नाही म्हणत असतानाच ते टोपली ठेवून निघून गेले. ती परत पोचवायला मी शिपायाला पाठवले, तर ते पाहून लोकांना एवढेच कळले की हेडक्लार्क टोपलीवर ऐकत नाही, म्हणजे सडक पक्की आहे.

त्या संध्याकाळी मी धुऱ्यावर पोचलो तेव्हा बाभळीखाली एक बाई कंबरेला पदर खोचून उभी होती. हातात विळा होता. तो मेथी कापायचा होता, हे मला नंतर समजले.

"नापून झालं का?" तिने विचारले.

"काय?"

"माहं वावर. रोज येता, निशान बांधता, काठी गाडता. इकडून थिकडं पाह्यता अन् मुंडी हालवता. गेलं म्हना न एकदाचं."

मी हात जोडून सांगितले की बाई, ते निशाण नाही, माझा रुमाल आहे. काठी नाही, छत्री आहे. मुंडी डॉक्टरांनी हलवायला सांगितली आहे. मी फक्त फिरायला येतो.

"रिकामे?"

"रिकामाच."

सोजराबाईने मला टोपीपासून वहाणांपर्यंत पाहिले. "बाप्पा! सरकारी मानूस रिकामा बसते हे मी पाह्यलं. रिकामा चालतानी नाही पाह्यला." मग तिचा आवाज एकदम उतरला. तिने विळा खाली ठेवला. "मालक गेल्यापासून म्या अन् माह्या गीतानं हा मळा वढला. गीताचं अमडापूरच्या उकंडरावाच्या पोराशी जमलं होतं. पोरगं कास्तकारीत चांगलं हाय, थो येऊन इथंच वावर पाहीन असं ठरलं होतं. तुमच्या सडकीचं ऐकलं अन् उकंडरावानं निरोप धाडला. वावरच नाही राह्यलं तं पोरानं येऊन काय सडकीवर नांगर धराचा?"

मोटेजवळ एक मुलगी मेथीच्या जुड्या बांधत होती. ती आमच्याकडे पाहत नव्हती. पण एकच जुडी ती बांधून सोडत होती आणि सोडून बांधत होती.

त्या दिवशी परतताना मी भजे खाल्ले. तानाबाईने कढई पुढे ओढली.

ज्या डोक्याच्या तापासाठी मी चालत होतो, तो आता चालण्यामुळेच येऊ लागला होता. मी चालणे बंद केले. गावात बातमी झाली की मोजणी पुरी झाली. मी घाबरून पुन्हा चालू लागलो. गावात बातमी झाली की पहिली मोजणी चुकली, आता सडक आणखी रुंद होणार. भगवंतराव म्हणाले, "तुम्ही उलटे चालून पाहा. लोकाईले वाटन रद्द झाली." हा सल्ला मी मानला नाही, पण त्यावर एक रात्र विचार केला, हे कबूल करतो.

आणि कचेरीत अर्ज आला. नियोजित सडकेला हरकत. खाली अंगठेच अंगठे.

"या सडकेची फाइल कुठे आहे?" साहेबांनी विचारले.

"सडकच नाही, साहेब."

"हरकत आहे ना? मग सडक असलीच पाहिजे. हरकत हवेत घेता येत नाही. फाइल उघडा."

मी फाइल उघडली. अशा रीतीने जगात नसलेल्या सडकेला सरकारदरबारी नंबर मिळाला. साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला.

"यात तुमचं नाव आहे. तुम्ही तिथे रोज काय करता?"

"मनःशांती, साहेब."

"कोणाच्या आदेशाने?"

डॉक्टरांच्या, असे मी म्हणालो. साहेबांनी मनःशांतीबद्दल लेखी खुलासा मागितला आणि लोकांसाठी जाहीर सूचना तयार करायला सांगितली. त्या एका मसुद्यात मी जीव ओतला. एकच वाक्य लिहिले: 'अशी कोणतीही सडक होणार नाही.' साहेबांनी लाल शाईचे टोपण काढले.

"'होणार नाही' असं सरकार कधी म्हणत नसतं. लिहा, 'सदर सडकेचा प्रस्ताव सध्या विचाराधीन नाही.'"

ती सूचना चावडीवर लागली. वाचता येणाऱ्यांनी ती न येणाऱ्यांना वाचून दाखवली आणि प्रत्येकाने 'सध्या'पाशी थांबून मान हलवली, अगदी माझ्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी सोजराबाई आमच्या दारात उभी. शरयूने तिला आत बोलावले, चहा ठेवला. ती बसली नाही.

"बाबूसायेब, सध्या म्हंजे कवापर्यंत?" तिने विचारले. "लगनापर्यंत तं राहीन न?"

मी आतल्या खोलीत गेलो आणि खारोड्यांच्या डब्याला हात घातला. डबा रिकामा होता. शरयू मागोमाग आली आणि दारात उभी राहिली.

"उंदीर पुष्कळ झाले," ती म्हणाली. "आता त्या पोरीचं काय करायचं ते बघा. उकंडराव बाजाराच्या दिवशी स्वतः मळ्यावर येऊन बघणार आहेत. पटलं तर ठीक, नाहीतर लोणारला त्यांच्या मुलासाठी दुसरं स्थळ तयार आहे. तुम्ही स्वतः जाऊन खरं सांगा."

"खरंच तर सांगतोय सगळ्यांना!"

"अर्धं सांगता. फिरायला जातो म्हणता. कशापायी जातो ते कुठं सांगता?"

तिने दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. मी कशापायी चालतो हे डॉक्टर आणि शरयू यांच्याशिवाय कोणाला धड ठाऊक नव्हते. गल्लीला मी 'जरा प्रकृती' एवढेच सांगितले होते. हेडक्लार्क साहेबांना भिऊन भजी खातो, हे तालुक्यात पसरले तर उद्या पट्टेवालासुद्धा मला सलाम करताना हसणार. चार राज्यांनी मिळून मला पगार फारसा दिला नाही; दिला तो हा एवढा मान.

तरी बाजाराच्या दिवशी मी मळ्यावर गेलो. धीराला भगवंतरावांना बरोबर नेले. बाभळीखाली घोंगडी अंथरली होती. उकंडराव मध्यभागी बसले होते. मोठा फेटा, त्याहून मोठ्या मिशा, आणि बोलणे मोजके. त्यांच्यासमोर परातीत नुकता भाजलेला ज्वारीचा कोवळा हुरडा, बाजूला लसणाची चटणी आणि गुळाचे खडे. गीता आगटीपाशी कणसे चोळत होती. त्या हुरड्याचा वास मी इथे लिहीत नाही. लिहिला तर हे पुढे पुरे होणार नाही.

"घ्या बाबूसायेब," सोजराबाई म्हणाली.

"नको. मी सोडलंय," मी म्हणालो, आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिलो. मग मी सगळे सांगितले. साहेबांची लाल शाई, तानाबाईची कढई, पायऱ्यांवरची घेरी, डॉक्टरांचा हुकूम. लाज गिळून सांगितले. त्या आठवड्यात मी गिळलेली तेवढी एकच गोष्ट पथ्याची होती.

उकंडरावांनी शांतपणे ऐकून घेतले. "हे पाहा," ते म्हणाले, "साह्यब बोलला तं मानसाची भूक मरते. थो खाते कसा? अन् फिराचंच होतं तं गावात सडका नाहीत का? आमच्या अमडापुरात येडा मानूसबी कामानं फिरते. तुम्ही शिकलेले हा, गोष्ट चांगली रचली."

"खरं हाय हो, म्या पेटीसुद्धा देल्ली होती त्याईले," भगवंतराव म्हणाले. याने पुराव्यात काही भर पडली नाही.

उकंडराव घोंगडीवरून उठू लागले. आगटीपाशी कणसे चोळण्याचा आवाज थांबला. सोजराबाईने पदर तोंडाला लावला. आणि त्याच वेळी चढणीवरून सायकल ढकलत, धापा टाकत आमच्या कचेरीचा शिपाई तुळशीराम आला.

"बाबूजी, चाला! साह्यबानं बलावलं. तुमचा थो शांतीचा खुलासा वाचला न, लय तापले."

"काय म्हणाले?"

"कागद भिरकावला. म्हने, ह्याले मसुदा लिहाले येत नाही अन् मनःशांती पाह्यजे."

"आणि?"

"म्हने, सर्व्हिस बुकात शेरा मारतो."

"आणखी?"

"म्हने, बुलढान्याले लिहितो."

आणखी काय, असे मी पुन्हा विचारणार होतो, पण शब्द नीट फुटेना. तोंड भरलेले होते. सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. मी खाली पाहिले. मी उकंडरावांच्या घोंगडीवर मांडी घालून बसलो होतो आणि माझा हात परातीच्या बुडाशी खरवडत होता. हुरडा नव्हता. चटणीही नव्हती. बोटाला लसणाचे एक साल तेवढे चिकटले होते.

उकंडराव अर्धे उठलेले होते, ते पुन्हा बसले. त्यांनी रिकाम्या परातीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग बाजूची भुईमुगाच्या शेंगांची टोपली हळूच माझ्यासमोर सरकवली आणि तुळशीरामाकडे वळून म्हणाले, "काय म्हनत होता बे तुहा साह्यब? पुन्हा सांग. आरामानं सांग."

तुळशीरामाने पुन्हा सांगितले. साहेबांच्या आवाजात सांगितले. बुलढाण्यापर्यंत तो पोचला तेव्हा टोपलीत टरफले उरली होती. मला ती फोडल्याचेही आठवत नाही.

"देखलं का?" उकंडराव आपल्या माणसांना म्हणाले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. "हा मानूस खरं बोलते. ह्याच्या हातानं सडक गिडक काही होनार नाही. हा तं पोट मोजत फिरते!"

मग जे हसणे झाले त्याचे मी वर्णन करणार नाही. पलीकडच्या वावरातून महादेवराव काय झाले ते पाहायला धावत आले, एवढे सांगतो. सगळ्यांत मोठ्याने भगवंतराव हसले. मी टोपी सारखी करून तालुक्याच्या दिशेने पाहत राहिलो. जणू काही मला तिकडे खरोखरच एक सडक आखायची होती.

"इहीनबाई," उकंडराव सोजराबाईला म्हणाले, "फाल्गुनातली तीथ काढाले लावा. अन् हुरडा आनखी भाजा. आमच्या वाट्याचा सरकारजमा झाला."

विहीण म्हणून मारलेली ती हाक ऐकली आणि सोजराबाई घाईघाईने आगटीकडे वळली. धूर डोळ्यांत गेला म्हणून सांगून तिने डोळे पुसले, तेव्हा आगटी केव्हाची विझलेली होती. गीता उठून मोटेमागे गेली. तिथून तिच्या हसण्याचा आवाज आला. ती माझ्यावर हसत होती की आनंदाने, याची चौकशी मी केली नाही.

मला साहेबांकडे जायचे होते. सोजराबाई मला धुऱ्यापर्यंत पोचवायला आली. सवयीने बाभळीवर बांधलेला माझा रुमाल तिने स्वतः सोडला आणि घडी करून माझ्या हातात दिला. अपमान झाला खरा, पण एका पोरीचे घर वसत होते. अशा वेळी माणसाने हेडक्लार्कच्या पलीकडे पाहावे, असे काहीसे मी मनात जुळवत होतो.

"बाबूसायेब," ती म्हणाली, "उद्यापासून येसान न फिराले?"

"येईन की."

"रोज?"

"रोज."

"मंग एक मागनं होतं. नाही म्हनू नका."

लग्नात गीताच्या मामाच्या जागी उभे राहा, असे ती म्हणणार, हे मी ओळखले. मी छत्री काखेत धरली आणि ताठ उभा राहिलो. "बोला, सोजराबाई. संकोच करू नका."

"आमची म्हैस हाय न, बसून बसून लय फुगली. गुराच्या डाक्टरनं सांगतलं, रोज सांजच्याले चालवा. तुमचं तं जानं हायेच. तिलेबी संगं नेत जा." ती चार पावले मळ्याकडे गेली, आणि मग काही आठवल्यासारखी वळली. "फक्त तिच्यासमोर काही खाऊ नका, बाबूसायेब. थे लगेच मांगते."